दिवसा उडणारे घरजावई

२० मे, शनिवार

जुनं नोंदयंत्र अखेर गेलं. बरं झालं, दोन वर्षं माझ्या मागे लागलं होतं. नवं आज बसवून झालं. प्रत्येक पिंजऱ्यातून एक न दिसणारा किरण जातो. पतंग उडाला की किरण तुटतो आणि यंत्र वेळ टिपतं. जुन्याची वेळ आम्ही हाताने लावायचो, हे स्वतःच सरकारी वेळ उचलतं. बसवणारा म्हणाला, "उस्तादा, आता याला फक्त चहा पाजायचा बाकी आहे."

आमचा शिपाई बौश्ता लगेच फुरंगटला. "मग मला कशाला ठेवलंय?"

"पिंजरे कोण घासणार?" मी म्हटलं. निवृत्तीला आलेला माणूस, पण रुसायला अजून विशीतला.

२१ मे, रविवार

रमजान आठवड्यावर आला म्हणून सरकारने घड्याळं एक तास मागे घेतली. ईद झाली की पुन्हा पुढे. इम्मा, माझी आई, दरवर्षीसारखीच कडाडली, "सूर्याला कळवलंय का? आणि गावाकडच्या कोंबड्यांना कोण सांगणार?" आमच्या घरात आता दोन वेळा नांदतात, स्वयंपाकघरात तिची आणि बाहेर माझी. सकाळी मी तिची पाहिली आणि ट्रामच्या थांब्यावर तासभर आधी जाऊन उभी राहिले.

प्रयोगशाळेत भिंतीवरचं घड्याळ बौश्ताने स्टुलावर चढून मागे केलं. पतंगांच्या कपाटातल्या दिव्यांना मात्र कुणी हात लावत नाही. सी तुहामींचा, माझ्या गुरूंचा, तसा नियमच आहे. पतंग रोजे धरत नाहीत, त्यांच्या दिव्यांना रमजान नाही.

३० मे, मंगळवार

चौथा रोजा. चहा नाही म्हणून डोकं ठणकतंय.

अझ्रूहून चुलतबहिणीचा, तुदाचा, फोन आला होता. "इत्तो, चाळिशीला टेकलीस. तू तिथे नक्की करतेस काय, ते एकदा नीट सांग. लोक विचारतात, मी म्हणते किडे पाळते."

म्हणून नीट सांगितलं. मामोराच्या जंगलातल्या बुचाच्या ओकांवरचा पतंग भर दिवसा उडतो. त्याचाच डोंगरातला भाऊ, आमच्या अझ्रूकडचा, अंधार पडल्यावर. सी तुहामी पक्के सले शहराचे, आणि सलेवाल्यांना सगळा मुलूख चिडवतो, की हे लोक अस्रच्या नमाजाच्या सुमारास, तिसऱ्या प्रहरी, वेडे होतात. मामोराचे नर नेमके त्याच वेळी पिसाटल्यासारखे उडतात. म्हणून ते 'सलावी' आणि दुसरे 'डोंगरी'. नावं सी तुहामींनीच ठेवली. आपल्यावरचा विनोद दुसऱ्याने करायच्या आधी आपणच उरकून टाकावा, असा त्यांचा स्वभाव.

सलावीचं डोंगरीशी लग्न लावलं. त्यांची पोरं पुन्हा डोंगऱ्यांत दिली, त्यांचीही पोरं डोंगऱ्यांत. वर्षाला एक पिढी, अशी अकरा वर्षं. आता रक्त सगळं डोंगरी, सलावीचा एकच जनुक आम्ही प्रत्येक पिढीत तपासून जपला आहे. डोळ्यांमागच्या मेंदूची घडण ज्याच्या हातात आहे, तो. सासरी एकटा पडलेला घरजावई. या पतंगांना आम्ही म्हणतोही घरजावईच.

सी तुहामी तीस वर्षं सांगत आले आहेत, की रात्रीच्या पतंगाला दिवसात ओढायला हा एक जनुक पुरे. बाकीचे हसतात. त्यांच्या मते डोळे, मेंदू, हुंगणं, मादीची वेळ, सगळंच बदलल्याशिवाय कुणी रात्र सोडत नाही. त्यासाठी शेकडो जनुक लागतात.

"पण रात्र सोडायचीच कशाला?" तुदाने विचारलं.

"वटवाघळं खातात."

"आणि दिवसा?"

"पाखरं खातात."

"म्हणजे आगीतून फुफाट्यात! आणि एवढं करून तुझे घरजावई दिवसा उडाले, तर मिळणार काय?"

सी तुहामींना ते पाहायला मिळेल. एवढंच आहे. यकृत संपत आलंय त्यांचं. थंडीच्या तोंडावर ऑलिव्ह उतरतील तोवर ते नसतील, असं डॉक्टरांनी लल्ला रकियाला, त्यांच्या बायकोला, सांगितलंय, आणि तिने मला. विद्यार्थिनी म्हणून मी त्यांच्याकडे आले तेव्हा मला धड फ्रेंचही येत नव्हतं. माझ्या बापाने मला शाळेत घातलं, पण माणसात आणलं ते सी तुहामींनी. यंदाची पिढी शेवटची आहे. कोश कधी फुटतात याकडे डोळे लागलेत.

८ जून

घरजावई बाहेर पडले. पंख सुकवत जाळीला लटकलेत. डोंगरी मात्र मे महिन्याच्या सुरुवातीलाच फुटून, उडून, मरूनही गेले. त्यांची नोंद जुन्या यंत्राने केलीय, शेवटचं पुण्यकर्म म्हणून.

१२ जून, सोमवार

उभ्यानेच लिहितेय. बसवत नाही.

घरजावई उजेडात उडाले. दिवे मालवायला तासभर असताना, चक्क उजेडात. एकूण एक पिंजऱ्यात तेच. नोंदी तीन-तीनदा पाहिल्या. डोंगऱ्यांचा एकही पतंग उजेडात हलला नव्हता, आणि हे त्यांचेच सख्खे, फक्त एका जनुकाने वेगळे!

पिंजऱ्यापाशी बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, पण ती वेळ नेमकी रोजा सोडण्याच्या घाईची. ट्राम चुकली तर इम्मा हरीऱ्याचा वाडगा समोर ठेवून उपाशी बसते. यंत्र आहे ते कशासाठी?

संचालकांना तेव्हाच सांगून टाकलं. ते खुर्चीतून उठले. वीस वर्षांत त्यांना माझ्यासाठी उठलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, ईदनंतर मोठी सभा घेऊ, सी तुहामींना खुर्चीत बसवून आणू, जे हसले त्या सगळ्यांना बोलावू. बौश्ताने ओरडून सगळा मजला गोळा केला.

१३ जून

सी तुहामींना सांगितलं. मनात कितीदा तरी तालीम केलेला प्रसंग, आणि झालं भलतंच.

ते खिडकीशी पडून होते. चेहरा जुन्या कागदासारखा पिवळा. सगळं ऐकून म्हणाले, "किती आधी उडाले?"

"तासभर."

"सगळेच?"

"एकूण एक."

"बरोब्बर तासभर?" आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. लल्ला रकिया पाणी घेऊन धावली. मग म्हणाले, "बिन्ती, पोरी, डोंगरी शेजारी ठेवले होतेस?"

"ते आधीच मेले, सी तुहामी."

"फ्रिजमध्ये मागे ठेवलेले कोश असतील की. काढ बाहेर. आणि इतक्यात कुणाला सांगू नकोस. नीट बघ. तुझं तूच बघ."

सांगून झालंय हे बोलायची हिंमत झाली नाही. परत येताना डोळे भरून आले. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताटात वाढून दिलं, तर म्हणतात नीट बघ! माझ्या जागी त्यांचे फ्रान्सहून शिकून आलेले विद्यार्थी असते तर असं विचारलं असतं का? डोंगरातून आलेल्या पोरीवर शेवटपर्यंत पूर्ण भरवसा नाही तो नाहीच.

कोश फ्रिजमध्येच आहेत. काढेन सावकाश.

२६ जून, ईद

इम्माने केलेली शबाकियाची मिठाई घेऊन गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, "डोंगरी काढलेस का?" मी म्हटलं, ईद झाली की काढते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. हात कोरडा, हलका. वाटलं, आता म्हणतील, शाबास. पण म्हणाले, "सुट्टीत झोप जरा."

२ जुलै, रविवार

घड्याळं पुन्हा पुढे. इम्माचं स्वयंपाकघर आणि मी आजपासून एकाच वेळेत.

३ जुलै

आज काय झालं ते कळत नाही. घरजावयांची उशिरा फुटलेली तुकडी पिंजऱ्यात आहे. कालच्या नोंदीत ते दिवे मालवल्यावरच उडालेत, अंधारात. परवापर्यंत उजेडात उडत होते! आजारी असतील. की अन्नात काही गेलं? पण हे पतंग मोठे झाल्यावर खातातच कुठे?

त्याच दिवशी, घरी

कळलं.

तांदूळ निवडत असलेल्या इम्माच्या डोक्यावरचं घड्याळ नुसतं पाहिलं आणि कळलं. नव्या यंत्राने सरकारी वेळ उचलली आणि सबंध रमजानभर एक तास मागे चाललं. दिवे जुन्याच वेळेवर चालू-बंद होत राहिले. पतंग अंधार पडल्यावरच उडत होते. उजेडात उडत होतं ते माझं घड्याळ.

अख्खा मुलूख ज्या तासाशी दरवर्षी झटापट करतो, इम्मा ज्याच्या नावाने बोटं मोडते, तो तास मला दिसला नाही. तीन-तीनदा नोंदी पाहिल्या म्हणे. स्वतःच्या हाताने मी सी तुहामींना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार.

५ जुलै, बुधवार

आधी संचालक. ते खुर्चीत बसूनच राहिले. "सभा रद्द करतो," एवढंच म्हणाले आणि कागद चाळायला लागले. बाहेर बौश्ता कुणाला तरी सांगत होता, "चूक यंत्राची आहे, उस्तादांची नाही." त्याचा जास्त राग आला.

मग सी तुहामींकडे गेले. उभ्यानेच सांगून टाकलं, सगळं, अगदी संचालकांना आधीच सांगितल्याचंसुद्धा. माझं संपेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते. मग डोळे मिटले. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, "घरी जा. जेव. उद्या ये, मग बोलू."

यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी वर्षं चुकले की ते ओरडायचे, काचेच्या बश्या आपटायचे. आज डोळे मिटून घेतले. माझं तोंडही पाहवेना त्यांना.

उद्या नाही जाणार. रिकाम्या हाताने कशी जाऊ? फ्रिजमधले सगळे कोश बाहेर काढलेत, घरजावई आणि डोंगरी. या खेपेला शेजारी शेजारी, आणि यंत्राची वेळ मी माझ्या हाताने लावली. खरं काय ते हाती आलं की मगच जाईन.

९ जुलै

लल्ला रकियाचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. मग तिने बौश्ताकडे निरोप दिला. शुक्रवारी कुसकुस आहे, जेवायला ये. भली बाई आहे, नवऱ्याचा राग झाकते. बौश्ताला सांगितलं, कोश फुटायला आलेत, इथून हलता येत नाही म्हणून कळव.

१४ जुलै, शुक्रवार

बौश्ता त्यांच्याकडे जाऊन आला. येताना अंजिरांची टोपली.

"सी तुहामींनी पाठवलीय. विचारत होते, कोश फुटले का?"

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, मादी साद कोणत्या वेळी घालते तेही टिपतेय का ती? नर दिवसा उडून काय उपयोग, मादी रात्री बोलावत असेल तर? असं काहीसं. मला सगळं समजलं नाही, उस्तादा. पण हसत होते."

हसणारच. नरांची वेळ जिला धड लावता आली नाही, ती मादीची काय लावणार? टोमणे मारायचे तर असे अंजिरात घोळून. अंजीर बौश्तालाच देऊन टाकले. तो म्हणाला, "तुमची भांडणं झालीत का?" मी म्हटलं, पिंजरे घास.

मादीचं मात्र टिपायला लागले. प्रश्न बरोबर आहे.

२१ जुलै

फुटले. दोन्ही घराणी शेजारी शेजारी. आता पिंजऱ्यांपाशी मी स्वतः बसते, यंत्रावर सोडत नाही.

उजेडात एकही उडत नाही. घरजावईसुद्धा नाही. म्हणजे सी तुहामी चुकले. तीस वर्षांचं म्हणणं या जाळीत निपचित बसलंय. वेळेची भानगड उघडी पडली नसती तर त्यांना हे कळलंच नसतं, ते उजेडातला पतंग मनात घेऊन गेले असते. मी आधी खोटी आशा दिली आणि आता खरी निराशा घेऊन जायची. कोणत्या तोंडाने?

लल्ला रकियाचे दोन फोन येऊन गेले.

२३ जुलै

काहीतरी आहे!

अस्रच्या सुमारास, दिवे पूर्ण असताना, घरजावई पंख थरथरवतात. उडण्याआधी पतंग अंग तापवतो ना, तसे. जरा वेळ थरथरतात आणि पुन्हा निवांत. शेजारचे डोंगरी दगडासारखे बसून. किरण तुटत नाही म्हणून यंत्राने हे कधीच टिपलं नसतं, मी बसले होते म्हणून दिसलं.

म्हणजे एक जनुक जागं करतो, पण उडवत नाही. सी तुहामी पूर्ण बरोबर नाहीत आणि हसणारेही पूर्ण बरोबर नाहीत. माद्या मात्र दोन्हीकडच्या अंधार पडल्यावरच साद घालतात. दिवसा थरथरणाऱ्या नराला दिवसा बोलावणारं कुणी नाही.

हे त्यांना द्यायला हवं. आजच पळत जावंसं वाटलं. चप्पलही घातली होती. पण पुन्हा घाई? एकदा हात दाखवून अवलक्षण केलंय. आणखी एक तुकडी आहे, ती होऊ दे. आकडे पक्के झाले की आलेख काढून, छापून, त्यांच्या मांडीवर ठेवेन. मग मिटू देत डोळे.

२८ जुलै, शुक्रवार

दुसऱ्या तुकडीतही तेच. रविवारी आलेख पूर्ण होतील, सोमवारी जाते.

बौश्ता म्हणाला, "आजच जा उस्तादा. परवा मी गेलो तेव्हा ते बोलत नव्हते, नुसते दाराकडे बघत होते." मी म्हटलं, सोमवारी. इतका राग अजून धरलाय तर तीन दिवसांनी काय बिघडतंय?

३० जुलै, रविवार

सी तुहामी सकाळी गेले. दुपारी दफन झालं.

आलेखाच्या रेषांना रंग देत होते तेव्हा बौश्ता दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "थांब, एवढी एक रेष होऊ दे." खरंच म्हटलं मी असं.

१ ऑगस्ट

तिसऱ्या दिवसाचं जेवण. जाणार होते. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. कुराण पढणाऱ्यांचे आवाज येत होते. परत फिरले. इम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "मेलेल्या माणसाला कसली घाबरतेस?" मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

४ ऑगस्ट, शुक्रवार

आज गेले. इम्माने हाताला धरून ट्रामपर्यंत आणलं आणि दार बंद होईस्तोवर थांबली.

लल्ला रकिया पांढऱ्या कपड्यांत होती. खूप लहान दिसत होती. मला पाहून रडली नाही, बाजूला सरकून जागा केली. चहा ओतला. मग तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, मी काही विचारायच्या आधीच.

"तू पहिल्यांदा आनंदाने सांगायला आलीस ना, त्याच रात्री मला म्हणाले, पोरीने घड्याळाचा घोळ केलाय. बरोब्बर एक तास! पतंग सरकारचे हुकूम कधीपासून पाळायला लागले? किती हसले. मी म्हटलं, मग सांगा ना तिला. म्हणाले, नाही, तिचं तिला सापडू दे. मी आज आहे, उद्या नाही. उद्या तिला कोण सांगणार?"

माझ्या हातातला पेला तिने काढून खाली ठेवला.

"आणि ज्या दिवशी तू येऊन सगळं कबूल केलंस, त्या दिवशी तू गेल्यावर म्हणाले, रकिया, आता मला काळजी नाही. त्या रात्री ते नीट जेवले. दुसऱ्या दिवशी दाढी करून घेतली, खिडकीतली दुसरी खुर्ची पुसायला लावली. तू यायची होतीस ना."

मी म्हटलं, "मला वाटलं, ते रागावलेत." रडू आवरेना. लल्ला रकियाने माझं डोकं मांडीवर घेतलं, जणू तिचं नाही, माझंच माणूस गेलंय. खोलीत त्यांच्या औषधांचा वास अजून होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पिशवीत काय आणलंयस?"

"आलेख आहेत. त्यांना दाखवायचे होते."

"दाखव मला."

"लल्ला, त्यात फक्त आकडे आहेत."

"दाखव. चाळीस वर्षं ऐकलंय मी पतंगांचं."

कागद उलगडून चटईवर पसरले आणि सांगितलं. हे डोंगरी, हे घरजावई. इथे दिवे मालवले. उजेडात कुणीच उडालं नाही, पण या वेळेला, हे बघ, घरजावई थरथरतात. पंख थरथरवतात, पण उडत नाहीत. ती बोट ठेवून एकेक रेष बघत होती. शेवटच्या कागदापर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे थरथरतात, पण उडत नाहीत."

"हो."

"हे एवढंच होतं?"

"हो, लल्ला."

तिने कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिले. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "आणि एवढ्यासाठी तू आली नाहीस?"